नानीसाठी नवी हाक

गुंडूतात्यांची हाक मी बावीस वर्षे ऐकत आलो होतो. सकाळी सहाच्या सुमारास कळंबा रस्त्याच्या वळणावरून आधी हाक यायची, मग तात्या दिसायचे आणि त्यांच्या मागून सहा म्हशी. हातात काठी नसायची, फक्त चरवी. आमच्या भागातल्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची पद्धत अजून टिकून आहे. तात्या कट्ट्याजवळ थांबून एकेकीचे नाव घ्यायचे आणि जिचे नाव घेतले तीच पुढे यायची. बाकीच्या रवंथ करत उभ्या राहायच्या.

मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात अधीक्षक आहे. आयुष्य कागदपत्रांत गेले. म्हणून असेल, पण नाव पुकारल्यावर बरोबर तोच पुढे येतो हे दृश्य मला फार आवडायचे. आमच्या खिडकीवर एक नाव पुकारले की चौघे हात पुढे करतात.

ही गोष्ट घडली तेव्हा तात्या त्रेसष्ट वर्षांचे होते. शिक्षण दुसरी. सही आणि आकडे यायचे, बाकी अक्षरांशी संबंध सुटलेला. बोलणे मात्र अखंड.

"सायब, अर्धा लिटर न्हेतासा आन् पाऊण तास बोलतासा. वैनी चहाचं आदण ठिवून बसल्या असतील की."

"बोलताय तुम्ही, तात्या. मी नुसता ऐकतोय."

"मग ऐकायचं दूध निराळं मागा."

एकदा मी त्यांना आमच्या कॉलेजातली गोष्ट सांगितली. समाजशास्त्र विभागात कालिंदी मॅडम मानवशास्त्राचा परिचय हा पेपर शिकवतात. परीक्षेच्या कामासाठी गेलो तेव्हा फळ्यावर माणसाच्या उत्क्रांतीची आकृती होती, ती मी माझ्या समजुतीप्रमाणे तात्यांना सांगितली, की माणूस माकडापासून झाला.

तात्यांनी धार न थांबवता विचारले, "मग ऱ्हायलेल्या माकडांनी काय घोडं मारलं व्हतं? त्यांचा का न्हाय झाला?"

प्रश्न बिनतोड होता. मी तो मॅडमना विचारला. त्या म्हणाल्या, "नृसिंहराव, आजची माकडं आपले आजोबा नाहीत. लांबची चुलत भावंडं आहेत. पूर्वज एक, वाटा वेगळ्या." दुसऱ्या दिवशी मी हे उत्तर कट्ट्यावर पोचवले.

"आसं सांगा की मग," तात्या म्हणाले. "भावकी म्हंजे वाटणी झाली असणार. त्यांच्या वाटणीला शेपूट गेलं, आपल्या वाटणीला तोंड आलं."

त्या तोंडातला आवाज दिवाळीच्या पाडव्याला बसला. पाडव्याला इथले गवळी म्हशी रंगवून, शिंगांना मोरपिसे बांधून रस्त्यावर पळवतात, आणि मालकाच्या हाकेला कोणाची म्हैस कशी धावते ते गाव बघते. तात्या दिवसभर ओरडले होते, त्यामुळे कोणाला काही वाटले नाही. घसा डिसेंबरातही उघडला नाही. त्यांचा मुलगा सयाजी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीवर काम करतो. त्याने एक दिवस रजा टाकून त्यांना मोठ्या दवाखान्यात नेले. स्वरयंत्रात गाठ होती, पसरलेली. डॉक्टरांनी सांगितले की स्वरयंत्र काढावे लागेल. मग श्वास गळ्याला केलेल्या भोकातून चालेल, खाणे-पिणे नेहमीसारखे राहील, आवाज मात्र जाईल.

तात्यांनी घोगऱ्या आवाजात एकच विचारले, "म्हशीस्नी हाक कुणी मारायची?"

डॉक्टर काही बोलायच्या आत त्यांच्या पत्नी चिमणाबाई म्हणाल्या, "माणूस ऱ्हायला तर म्हशी. सही करा."

दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी सुनेने, म्हणजे मोनाने, तात्यांच्या सगळ्या हाका, घोगऱ्या का होईनात, मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून घेतल्या. एकेक म्हैस, एकेक हाक. घरात सगळ्यांना हा उपाय पुरेसा वाटला. मलाही वाटला.

सहा म्हशींत नानी मुख्य. कळपाच्या पुढे ती चालायची आणि बाकीच्या पाच तिच्या मागे. तिचे रेडकू जन्मल्यावर आठ दिवसांत गेले होते. रेडकू नसले की म्हैस सहसा पान्हा सोडत नाही, सडात दूध असूनही वर ओढून धरते. नानी तात्यांच्या हाकेवर पान्हा सोडायची. ते तिच्या मानेवर हात ठेवून लांब सुरात "नानीऽऽ ये गं बाय" म्हणायचे आणि चरवीत धार वाजू लागायची.

शस्त्रक्रिया नीट झाली. तात्या दवाखान्यात होते तोवर धावपळीत हाकांचा मोबाइल कोणी काढलाच नाही; सयाजी पेंड पुढे ठेवून नानीचे मिळेल तेवढे दूध काढत होता. पाच आठवड्यांनी तात्या घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी गोठ्यात गेले. गळ्यातल्या भोकातून श्वास येताना फुस् असा आवाज होत होता. तात्या नानीजवळ गेले, खाली वाकले आणि त्यांना खोकला आला. भोकातून मोठा फुसकारा निघाला. म्हशीला तो सापासारखा वाटला असावा. नानी उडाली, दावे तुटायचे राहिले, आणि लाथ तात्यांच्या गुडघ्याला बसली. त्यांनी पुन्हा हात पुढे केला, पुन्हा तेच. तोंड उघडून त्यांनी नानीचे नाव घेतले. ओठ हलले, आवाज नव्हता.

मी तेव्हा दारात उभा होतो. तात्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. भिंतीकडे तोंड करून ते पेंडीच्या पोत्यावर बसले.

मग मोबाइल काढण्यात आला. पहिल्या दिवशी रेकॉर्ड केलेली हाक ऐकून नानीने कान टवकारले आणि सयाजीला जवळजवळ निम्मे दूध दिले. घरात आनंद झाला. त्या आनंदात मोनाने तीच हाक फोनची रिंगटोन केली. सासऱ्यांचा आवाज दिवसातून चार वेळा घरात ऐकू यावा, एवढाच तिचा हेतू होता. दुपारी दोन वाजता तिच्या माहेरहून फोन आला आणि नानी उठून दाव्याला हिसके देऊ लागली आणि तिचे पाहून बाकीच्या पाचही. संध्याकाळी पुन्हा तसेच, दुसऱ्या दिवशी तीन वेळा. चौथ्या दिवशी फोन वाजला तेव्हा एकीनेही मान वर केली नाही. धारेच्या वेळी वाजवला तरी नानी ढिम्म.

चिमणाबाई मला म्हणाल्या, "पोरीनं माया केली आन् हाक वाया घालवली. आता तिला काय बोलू?"

नानीचे दूध रोज कमी होत होते. धार पुरती निघाली नाही तर म्हैस आटते, कासही बिघडते. सयाजीची पाळी सकाळची असली की घाई व्हायची. त्याने कागलकडचे व्यापारी उदयसिंह यांना बोलावले. ते सोमवारी येऊन नानीला बघणार होते. नानी गेली की बाकीच्या पाच कोणाच्या मागे चालणार? तिच्यामागोमाग गोठा जाणार हे सगळ्यांना कळत होते. तात्यांना आधी कळले होते. त्यांनी जेवण कमी केले. दवाखान्यातून गळ्याला लावून बोलण्याचे यंत्र नंतर मिळणार होते. त्याचा नमुना एकदा दाखवला, तेव्हा भुंग्यासारखा घूं घूं आवाज ऐकून तात्यांनीच ते बाजूला सारले. हा फुसकारा तर ते भुणभुणणे, नानी कशाला जवळ येते.

शुक्रवारी मी कॉलेजात कालिंदी मॅडमकडे गेलो. त्यांच्या टेबलावर प्लास्टरच्या दोन कवट्या असतात, एक माणसाची आणि एक चिंपांझीची. मी सगळी हकीकत क्रमाने सांगितली.

"मी कॉमर्सचा माणूस. माणसाचा घसा कधी अभ्यासाला नव्हता," मी म्हटले. "बोलणं नेमकं कशानं होतं, एवढं सांगा."

त्यांनी दोन्ही कवट्या पुढे ओढल्या. "चिंपांझीचं स्वरयंत्र घशात वर असतं. आपलं लहानपणीच खाली उतरतं. तोंडामागे जागा मोकळी होते आणि अ, इ, उ असे वेगवेगळे स्वर काढता येतात. घास चुकीच्या वाटेनं जाऊन ठसका लागतो, त्यालाही ही रचना कारण असल्याचं सांगतात. पूर्वी म्हणायचे, घसा असा झाला म्हणून माणूस बोलला. आता तेवढंच मानत नाहीत. जीभ आणि ओठ हवे तसे हलवणारा मेंदूही लागतो. तुमच्या तात्यांचं काय गेलंय?"

"स्वरयंत्र."

"म्हणजे भोंगा गेला. जीभ, ओठ, दात, टाळू आहेत. मेंदू तर आहेच. आफ्रिकेच्या दक्षिणेत काही भाषा अशा आहेत, की त्यांतली काही व्यंजनं जीभ टाळूवरून सोडून वाजवतात. तेवढ्या आवाजाला छातीतली हवा लागत नाही. आपणही काढतो तसे आवाज, पण शब्दांत घालत नाही." त्यांनी जीभ टाळूला लावून सोडली. टॉक् असा मोठा आवाज आला. बाहेर बसलेल्या शिपायाने आत डोकावून पाहिले.

"उद्या शनिवार आहे," मॅडम म्हणाल्या. "मला गोठा दाखवा."

शनिवारी दुपारी आम्ही दोघे गेलो. चिमणाबाईंनी मॅडमना पाट दिला आणि पाणी देता देताच सांगितले, "बाई, ह्यास्नी बोलायला शिकवा. न्हाय जमलं तर मला गप बसायला शिकवा. एकटीच बडबडतीया मी दीड महिना."

"दुसरं मला कधी जमलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पहिलं करून बघू."

तात्या पोत्यावर बसून ऐकत होते. मॅडमनी त्यांना समजावले की भोंग्यावाचून निघणारे आवाजही असतात, आणि नानीकडे तोंड करून त्यांनी टॉक् टॉक् केले. तात्यांचे डोळे मोठे झाले. लगेच त्यांनीही जीभ सोडली. त्यांचा आवाज मॅडमपेक्षा दुप्पट मोठा आणि स्वच्छ होता. शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज. चिमणाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या आनंदाच्या भरात तात्या उठले, नानीचे दावे सोडले, दोन पावले मागे आले आणि तिला हाक म्हणून पुन्हा टॉक् टॉक् केले.

नानीने वळून पाहिले नाही. ती सरळ दारातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली.

सयाजी धावला. चिमणाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "बाई, आमच्यात टॉक् म्हंजे 'चल, हो म्होरं'. बैल आसू दे, म्हस आसू दे. तुमी ये म्हणायला शिकवलं, ती जा म्हणून गेली."

मॅडम क्षणभर ओशाळल्या आणि मग इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. "हे मीच दरवर्षी पहिल्या तासाला शिकवते," त्या म्हणाल्या. "आवाजात अर्थ नसतो, ठरवलेला असतो. आफ्रिकेत टॉक् म्हणजे काहीही असेल, कळंब्यात म्हणजे पुढे हो."

तात्याही हसत होते. आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. त्यांनी हाताने सांगितले, थांबा. मग ते बराच वेळ गोठ्याच्या मध्ये उभे राहून तोंडातल्या तोंडात काहीतरी करून बघत होते. ओठ आत ओढून सोडले की प्च असा आवाज यायचा. दातांमागे जीभ लावून ओढली की च्. त्यांनी दोन्ही आवाज मागेपुढे करून पाहिले आणि शेवटी एक जुळणी पक्की केली: प्च, प्च, च्. नानीकडे बोट केले, पुन्हा प्च, प्च, च्. मग चिमणाबाईंकडे पाहून दोन्ही हातांची दहा बोटे दाखवली आणि वर पाच.

"पंधरा दिवस मागत्यात," त्या म्हणाल्या.

नानीला परत आणून बांधत असलेला सयाजी वडिलांना म्हणाला, "आबा, सोमवारी पावणं येणार हाईत. त्यास्नी शब्द दिलाय."

तात्यांनी पुन्हा पंधरा बोटे दाखवली. चिमणाबाई सयाजीला म्हणाल्या, "तुझा शब्द बोलायचा हाय, पावण्यास्नी फोन कर आन् पुढं ढकल. ह्यांचा बोटांचा हाय, त्यो हलायचा न्हाय."

सयाजीने फोन केला. पंधरा दिवसांत पान्हा आला नाही तर म्हैस द्यायची, असे घरात ठरले.

त्यानंतर मी रोज कॉलेजला जाण्यापूर्वी गोठ्यावर जाऊ लागलो. पहिले काम फुसकारा कमी करण्याचे होते. दवाखान्यातल्या नर्सने भोकावर ओलसर कापड ठेवायला सांगितलेच होते. चिमणाबाईंनी जुन्या धोतराचे मऊ तुकडे शिवून गळ्याला बांधायचे पट्टे केले. त्याने श्वासाचा आवाज निम्म्याने उतरला. दुसरे काम नव्या हाकेचे. तात्या आंबोणाची, म्हणजे भिजवलेल्या पेंडीची, मूठ घेऊन उभे राहायचे, प्च, प्च, च् करायचे आणि मूठ पुढे धरायचे. तिसऱ्या दिवशी हाक केल्याबरोबर सहाही म्हशींनी माना वर केल्या. सगळ्याजणींना वाटले, ही आंबोणाची हाक. तात्यांनी डोक्याला हात लावला. मग त्यांनी हाक सगळ्यांसमोर मारायची आणि मूठ फक्त नानीला द्यायची असे चालवले. चार दिवसांत बाकीच्या पाचजणींनी त्या आवाजाचा नाद सोडला.

आठवड्याने मॅडम पुन्हा आल्या. तात्यांनी त्यांना बोटांनी विचारले: नानीला एक झाले, बाकीच्या पाचजणींना काय? मॅडम म्हणाल्या, "तुमच्याकडे आवाज किती?" तात्यांनी प्च, च् आणि टॉक् काढून दाखवले. तीन. मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा. तीन आवाज, एका हाकेत तीन जागा. किती नावं?"

बी.कॉम.ला संख्याशास्त्र होते. "सत्तावीस," मी म्हटले.

"झालं. माणसाची भाषा यावरच चालते. आवाज मोजके, ते स्वतः बिनअर्थाचे. क्रम बदलला की शब्द नवा."

मी कार्यालयातल्या पाठकोऱ्या कागदावर सत्तावीस हाकांचा तक्ता आखून दिला. चौकोन म्हणजे टॉक्, गोल म्हणजे प्च, टिंब म्हणजे च्. तात्यांनी तो खुंटीजवळ लावला, बराच वेळ पाहिला आणि टॉक्ने सुरू होणाऱ्या नऊ हाकांवर काट मारली. म्हैस पहिल्याच आवाजाला चालू पडेल, हे माझ्या संख्याशास्त्रात बसत नव्हते.

उरलेल्या अठरांतल्या एका खुणेवर बोट ठेवून त्यांनी चिमणाबाईंकडे दाखवले.

"मला बी म्हशीच्या यादीत घाटलं," चिमणाबाई म्हणाल्या. "नंबर तरी वरचा द्या."

दहाव्या दिवशी नानी हाकेवर जवळ आली. अकराव्या आणि बाराव्या दिवशी उभी राहिली, लाथ मारली नाही, पण पान्हा नाही. तात्या कास धुवायचे, सडांना हात लावायचे, थांबायचे. तेराव्या दिवशी थोडे दूध उतरले आणि परत चढले. चौदाव्या दिवशी काहीच नाही. त्या दिवशी सयाजीने उदयसिंहांना उद्या यायची फोनवर आठवण केली. वडिलांचा नाद मोडायचा दिवस आपल्यावर येणार, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

पंधराव्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा उदयसिंह आलेले होते. उंच, पांढऱ्या मिशांचे, अनुभवी माणूस. त्यांनी नानीची शिंगे, दात, कास पाहिली. टेम्पो दारात उभा होता.

"जनावर झकास हाय," ते म्हणाले. "दूध का देत न्हाई?"

सयाजीने सांगितले. उदयसिंह तात्यांकडे वळले. "पावणं, एकदा धार काढून दावा. मग बोलू."

तात्यांनी गळ्याचा पट्टा ओला करून बांधला. चरवी धुतली. सहाही म्हशी त्यांनी मोकळ्या केल्या आणि ते गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. प्च, प्च, च्. पाचजणी रवंथ करत राहिल्या. नानी तेवढी चालत आली आणि त्यांच्यासमोर आडवी उभी राहिली. तात्यांनी डावा हात तिच्या मानेवर ठेवला. पुन्हा तीच हाक, अगदी हळू, आणि पुन्हा. कोणी हलले नाही. तात्या घाई करत नव्हते. उदयसिंहही करत नव्हते. मी घड्याळ पाहिले नाही, पण एक गिऱ्हाईक मध्ये येऊन थांबून परत गेले. मग नानीने शेपूट सैल सोडले, आणि चरवीच्या बुडाला पहिली धार वाजली. नंतर आवाज भरत गेला.

सयाजी भिंतीला टेकून खाली बसला.

उदयसिंहांनी चरवी अर्धी होईपर्यंत पाहिले. मग टेम्पोवाल्याला हाताने खूण केली, गाडी वळव.

"न्हेत न्हाय?" चिमणाबाईंनी विचारले.

"न्हेऊन काय करू, वैनी? हिला आता ह्यांचीच भाषा कळतीया. ती मला येत न्हाय, आन् शिकायचं माझं वय न्हाय."

तात्या धार काढतच होते.